निळ्या स्कूटरचा मालक

सोमवारी सकाळी ज्योतीराम नलवडे दूध आणायला खाली उतरला, तर पार्किंगमधल्या त्याच्या स्कूटरच्या छातीवर लाल कागद चिकटवलेला. 'बेवारस वाहन. येत्या रविवारपर्यंत न हलवल्यास भंगारात जमा करण्यात येईल.' खाली सोसायटीचा गोल शिक्का. चष्मा वर घरातच राहिला होता, म्हणून त्याने मान मागे नेऊन, डोळे बारीक करून कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना 'बेवारस'पाशी अडकला. कुणी तोंडावर शिवी हासडावी तसा तो शब्द त्याला लागला.

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत चार उंच इमारती, तीनशेच्या वर बिऱ्हाडं आणि माणसांपेक्षा नियम जास्त. हे सगळे नियम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येत, आणि ग्रुपवर फक्त फ्लॅटच्या मालकांना प्रवेश. ज्योतीरामचा फ्लॅट मुलाच्या नावावर. मुलगा सुजित दोन वर्षांपासून बायकोसह जर्मनीत, आणि त्याने ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलेला. म्हणजे बेवारस वाहनांची नोटीस तीन आठवड्यांपूर्वी जर्मनीला पोचली होती आणि त्या स्कूटरशेजारून रोज दोनदा जाणाऱ्या माणसाला ती आज कळत होती. आहे की नाही गंमत!

खरं तर स्कूटरचा अवतार बघता सोसायटीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तीन वर्षं ती एका जागी उभी. दोन्ही चाकं बसलेली, आरसा एकच आणि तोही आकाशाकडे बघणारा. पुढच्या पत्र्यावर, मडगार्डच्या कडेला, पायाच्या फळीवर गंजाचे तांबडे चट्टे उठलेले. मूळचा रंग निळा होता हे सांगावं लागत होतं.

दूध घेऊन तो वर आला तेव्हा सेक्रेटरी निरंजन त्याला लिफ्टपाशी भेटला. पस्तिशीचा, हिंजवडीला नोकरीला जाणारा, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि तोंडात साखर.

"काका, ती तुमची आहे? आम्हाला वाटलं, कुणी जुना भाडेकरू सोडून गेलाय."

"आमची आहे," ज्योतीराम म्हणाला. "मिसेसची."

"मग झालं तर! गंज काढा, रंग मारा, हवा भरा. वापरातली दिसली की मी यादीतून काढतो. फक्त रविवारी दहा वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, त्याच्या आत करा. आणि एक हमीपत्र भरून द्यावं लागेल. आता तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही तर पेंट शॉपवाले. तुमच्या हातचा मळ!"

ज्योतीरामने मान हलवली. खरं सांगायचं तर इथेच सांगायला हवं होतं. पण जे छत्तीस वर्षांत जमलं नाही ते लिफ्टच्या दारात कसं जमावं? दार बंद झालं, निरंजन खाली गेला आणि ज्योतीराम अर्धा लिटरची पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिला.

खरी गोष्ट अशी होती की त्याने आयुष्यात एकाही गाडीला रंग मारलेला नव्हता.

चोविसाव्या वर्षी तो करमाळ्याकडून इकडे आला आणि गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पेंट शॉपला चिकटला. चिकटला हा शब्द अगदी बरोबर, कारण पहिल्या दिवशी त्याच्या हातात जे दिलं ते चिकट फडकंच होतं. मेणचट, जाळीदार कापड. बॉडी रंगाच्या बूथमध्ये शिरण्याआधी तिच्यावरचा शेवटचा धुळीचा कण या फडक्याने टिपायचा. वरून खाली, एकाच दिशेने, दाब न देता. मिनिटभरात ती बॉडी पुढे सरकायची आणि दुसरी यायची. काचेच्या पलीकडे रंगाची पिचकारी हातात घेतलेले लोक वेगळे, त्यांचं ट्रेनिंग वेगळं, त्यांची ऐट वेगळी. ज्योतीरामला दोनदा तिकडे जायची संधी आली होती. दोन्ही वेळा सुपरवायझर म्हणाला, "नलवडे गेला तर पुसणार कोण? याच्यासारखा हात नाही कुणाचा." कौतुकाने माणूस जागच्या जागी कसा खिळतो, याचा ज्योतीराम हा जिवंत नमुना. आधी पिंपरीच्या बाजूला, नंतर चाकणच्या प्लांटला, तो छत्तीस वर्षं पुसत राहिला.

घरी मात्र निराळीच हवा होती. बायको कस्तुरा तळवड्याच्या रुपीनगरात सगळ्या गल्लीला सांगायची, "आमचे मालक गाड्या रंगवतात." तिच्या माहेरी बायका नवऱ्याला मालकच म्हणत, ती सवय तिने इकडे शहरात येऊनही सोडली नव्हती. रस्त्यावर एखादी लाल चकचकीत गाडी गेली की ती कोपराने ढोसून विचारायची, "ही तुमचीच का?" ज्योतीराम म्हणायचा, "असंल." तेवढा एक खोटेपणा त्याने संसारात केला. त्यात वाईट काही नव्हतं, पण तो छातीत कुठेतरी खुपत राहिला, ती गेल्यावर जास्तच.

स्कूटर तिची. नावावर तिच्या, हातातही तिच्याच. तळवड्यातल्या गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातून ती कापलेलं कापड घरी आणायची, शिवून परत पोचवायची. गठ्ठे डोक्यावरून वाहून मान गेली तेव्हा तिने ही गिअरची स्कूटर घेतली, मैदानात तीनदा पडून शिकली आणि चौथ्या दिवशी नवऱ्याला मागे बसवून निगडीच्या नाक्यावर कंपनीच्या बसला सोडायला घेऊन गेली. त्या काळी लुगडं खोचून गिअर टाकणारी बाई आणि मागे डबा सांभाळत बसलेला बाप्या बघून नाक्यावरची सगळी पहिली शिफ्ट फिदीफिदी हसली. ज्योतीरामने गाडी शिकायचं मनावर घेतलंच नाही. त्याला मागे बसायला आवडायचं. उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवायचा आणि निवांत दुकानांच्या पाट्या वाचत जायचं.

"घरचे मालक तुम्ही," ती आरशातून बघून म्हणायची, "गाडीचा मालक मी. आरटीओच्या पुस्तकात बघा, छापलंय."

तीन वर्षांपूर्वी ती पंधरा दिवसांच्या दुखण्यात गेली. रुपीनगरचं घर विकलं गेलं, स्कूटर टेम्पोत घालून पुनावळ्याला आली आणि या खांबाशेजारी उभी राहिली. वर्षभरात सुजित जर्मनीला गेला. त्यानंतर दिवसचे दिवस ज्योतीरामचा आवाज दूधवाल्याशिवाय कुणाच्या कानी पडत नव्हता. रविवारी सुजितचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यात काय बोलायचं हे तो शनिवारपासून जमवत बसायचा आणि आयत्या वेळी "सगळं ठीक" एवढंच सांगायचा.

कागद लागला त्या दिवशी त्याने रविवार नसताना स्वतःहून फोन केला. सुजित मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला.

"आप्पा, देऊन टाका ना भंगारात. चालवत कुणी नाही. मी तुम्हाला नवीन इलेक्ट्रिक पाठवतो, घरी येईल."

"मला चालवता येत नाही," ज्योतीराम म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी," सुजित म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

मंगळवारी ज्योतीरामने कामाला हात घातला. निरंजनने जनरेटरच्या खोलीमागची जागा दिली होती, भिंतीला डाग पडू द्यायचा नाही या अटीवर. तिथवर स्कूटर ढकलायला पार्किंग झाडणारी कुसुमताई मदतीला आली. ती मावळातली, पन्नाशीची, आणि सोसायटीत ज्योतीरामला नावानिशी ओळखणारं ते एकमेव माणूस.

"काका, हिचं काय ऱ्हायलंय आता?" ती ढकलता ढकलता म्हणाली. "समदा गंज हाय की."

"वरवरचा आहे का आत गेलाय, ते बघायचंय."

त्याने पेचकसाचं टोक प्रत्येक चट्ट्यावर दाबून पाहिलं. पत्रा कुठे आरपार गेला असता तर सगळा खेळ तिथेच संपला असता. मडगार्डच्या कडेला टोक जरासं रुतलं तेव्हा त्याने आणखी जोर देऊन पाहिलं. पण आत कणखर लागलं. गंज वरवरचाच होता. कुणी रोज फडकं मारलं असतं तर तोही धरला नसता, हे त्याला त्याच क्षणी कळलं. ज्याच्या हातासारखा हात कंपनीत नव्हता, त्याने तीन वर्षांत बायकोच्या गाडीला एकदाही हात लावला नव्हता. लावला असता तर ती नाही हे मान्य करावं लागलं असतं, म्हणून तो रोज दुसरीकडे बघत शेजारून जात राहिला. स्वतःचीच लाज वाटून त्याने तारेचा ब्रश उचलला.

दोन दिवस तो घासत होता. आधी तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक पेपर पाण्यात बुडवून. एप्रिलचं ऊन, जनरेटरची भिंत तापलेली, आणि लाल पावडर नाकातोंडात. चट्ट्यांखालून पांढरा पत्रा वर येऊ लागला तसा त्याला हुरूप आला. खोल खड्ड्यांवर त्याने गंज मारायचं औषध लावलं, वाळू दिलं, पुट्टी भरली, परत घासली. पंक्चरवाल्याला बोलावून ट्यूब बदलून घेतल्या. पुढच्या खणाचं झाकण उघडलं तर आतून मूळचा निळा जसाच्या तसा, उन्हाचं तोंड न बघितलेला. खणात कस्तुराचा शिंप्याचा खडू होता, दोऱ्याची एक बॉबिन होती आणि कुठल्याशा गणवेशाची सहा पांढरी बटणं. त्याने सगळं रुमालात बांधलं आणि झाकण तेवढं सोडवून पिंपरी कॅम्पातल्या रंगाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने त्यावरून रंग जुळवून स्प्रेच्या डब्यांत भरून दिला.

गुरुवारी राखाडी प्रायमर बसला. शुक्रवारी सकाळी रंग मारायचा होता. सीटा काढून ठेवलेल्या, चाकांना, दिव्याला, हँडलला जुने पेपर गुंडाळून पट्ट्या मारलेल्या. कुसुमताई झाडू टेकवून बघायला उभी राहिली.

"आता बघा, कंपनीवानी हुईल. तुमचं रोजचंच काम."

ज्योतीरामने डबा खाली ठेवला. "कुसुमताई, एक सांगू? मी रंग कधी मारलाच नाही. मी पुसायचो. रंग मारायच्या आधी नुसतं पुसायचो. छत्तीस वर्षं."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं. पायाखालची जमीन काही दुभंगली नाही. कुसुमताईने थोडा विचार केला.

"मंग काय झालं? म्या बी पुसतेच की. न्हाई पुसलं तर कळतंय समद्यांना." आणि जाता जाता म्हणाली, "मारा आता. हात काय मोडत न्हाई."

त्याला इतकं हलकं वाटलं की सांगायची सोय नाही. थिनरने पत्रा पुसला. कोरड्या कापडाने पुसला. आता थेट रंगच मारायचा, पण छत्तीस वर्षांचा हात तो, शेवटचं एकदा टिपल्याशिवाय कसा राहील? खांद्यावर एक स्वच्छ, मऊ फडकं होतं. उन्हाने डोक्यावरून घामाचे ओघळ येत होते, ते त्याने त्याच फडक्याने कपाळापासून मानेपर्यंत निपटले आणि त्याच फडक्याने, वरून खाली, एकाच दिशेने, दाब न देता, पुढचा सगळा पत्रा पुसला. मग डबा हलवला आणि पहिला हात दिला.

निळा रंग पत्र्यावर ओला, चमकदार बसला.  दोन मिनिटं गेली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत रंग जागोजागी आक्रसू लागला. वाटाण्याएवढे, ज्वारीएवढे गोल खड्डे, प्रत्येकाच्या तळाशी राखाडी प्रायमर. एक, पाच, मग मोजायच्या पलीकडे. कंपनीत याला माशाचे डोळे म्हणत. डोळे पडले की लाइन थांबायची, साहेब धावत यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे: तेल कुणी लावलंय?

कारण पेंट शॉपमध्ये डोक्याला तेल बंद. केसातल्या तेलाचा अंश पत्र्याला लागला तरी रंग त्यावर बसत नाही, दूर पळतो. गेटवर सुपरवायझर एकेकाच्या डोक्याचा वास घेऊन आत सोडायचा. छत्तीस वर्षं ज्योतीरामचं डोकं कोरडं भुरभुरीत राहिलं. कस्तुराला याचा फार राग. ती माका आणि जास्वंद घालून खोबरेल तेल कढवायची, सगळ्या गल्लीला वाटायची आणि घरच्या मालकाच्या डोक्याला मात्र दिवाळीच्या सुट्टीत काय ते दोन दिवस तेल लागायचं. "रिटायर व्हा, मग बघा," ती दम द्यायची, "रोज चोळीन, नको म्हणालात तरी." तो रिटायर झाला आणि तिने शब्द पाळला. सकाळी पाटावर बसवून, दोन्ही हातांनी, टाळूवर थापट्या मारत. सात महिने. मग ती गेली.

तिने कढवलेली शेवटची बाटली ज्योतीरामने जपून ठेवली होती. रोज सकाळी बोटावर एक थेंब घ्यायचा आणि टाळूला लावायचा. तेल आताशा खवट झालं होतं, तळाला दोन बोटं उरलं होतं. पण ते लावल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे, आणि आज सकाळीही तो थेंब लावूनच खाली आला होता.

तो भिंतीला टेकून खालीच बसला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याने त्याला फाडून खाल्लं असतं. ज्या एका कामात जन्म गेला, त्याच कामात त्याने माती खाल्ली होती, आणि तीही पुसायची गरज नसताना. आणि मग त्याला रडू आलं. तिची गाडी, तिचंच तेल, आणि दोन्हीमध्ये हा असा बसलेला. रडताना त्याने फडक्याने डोळे पुसले नाहीत, शर्टाच्या बाहीने पुसले. तेवढी अक्कल आता आली होती.

कुसुमताई पाणी घेऊन आली. पत्र्याकडे बघून तिने जीभ चावली.

"हे काय झालं वो?"

"डोक्याला तेल होतं माझ्या."

"मग धुवा की डोकं," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने त्यात एवढं रडण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारची दुपार सगळा रंग परत घासून काढण्यात गेली. संध्याकाळी वर जाऊन त्याने आंघोळीच्या साबणाने डोकं धुतलं, मग भांड्यांच्या साबणाने धुतलं. पाणी डोळ्यांत गेलं, टाळू चुरचुरली. टॉवेल नाकाशी धरला तर कसलाच वास नाही. माका नाही, जास्वंद नाही. शनिवारी सकाळी उठल्यावर हात सवयीने बाटलीकडे गेला. त्याने झाकण घट्ट पिळलं, बाटली कपाटात तिच्या साड्यांमागे ठेवली आणि तो तसाच, कोरड्या डोक्याने, खाली आला. तीन वर्षांत इतकं एकटं त्याला तिच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी रंग बसला. पातळ हात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा पातळ हात. असे चार. डबा कुठे जवळ गेला तिथे एखादा ओघळ आला, पाठीमागच्या झाकणावर दोन छोटे डोळे शेवटी राहिलेच. पण ऊन तिरपं होऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा ती निळी स्कूटर अशी काही दिसली की दुसऱ्या मजल्यावरची एक बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबून बघत राहिली. "ही तुमचीच का?" असं विचारणारं कुणी नव्हतं. आज उत्तर खरं निघालं असतं.

रविवारी पेपर-पट्ट्या काढून, दोन्ही सीटा बसवून, साडेनऊला ज्योतीराम स्कूटर ढकलत गेटपाशी घेऊन आला. भंगारवाल्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. यादीतल्या दोन मोटरसायकली आणि एक चाकं नसलेली सायकल वर चढवली जात होती. निरंजन खुर्ची-टेबल टाकून बसला होता. स्कूटर बघून तो उठलाच.

"काका, काय हो हे! शोरूममधून आणल्यासारखी! उगाच नाही छत्तीस वर्षं पेंट शॉपला."

"मी तिथं पुसायला होतो," ज्योतीराम म्हणाला. "रंग हा पहिलाच."

निरंजनला ते नीटसं कळलं नाही. त्याने हसून हमीपत्राचा कागद पुढे सरकवला. "हे तेवढं भरा. म्हणजे तुमची गाडी बेवारस नाही हे रेकॉर्डवर येईल."

ज्योतीरामने चष्मा लावला, स्कूटरचं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं आणि बँकेत लिहावं तसं सावकाश लिहायला लागला. वाहनाचा नंबर. रंग: निळा. वाहनमालकाचे नाव: कस्तुरा ज्योतीराम नलवडे. मालक हयात आहे किंवा नाही. इथे त्याचं पेन थांबलं. मग त्याने 'नाही' लिहिलं. तीन वर्षांत हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने कुठे लिहिला नव्हता. मृत्यूच्या दाखल्याची सगळी धावपळ सुजितने केली होती.

शेवटची ओळ होती: अर्जदाराचे मालकाशी नाते.

त्याने विचार केला, लिहिलं आणि कागद परत दिला. निरंजन शिक्का उचलून ओळीमागून ओळ वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर अडला.

"काका, इथे तुम्ही 'मालक' लिहिलंय. मालक तर या आहेत ना? इथे नातं लिहायचं. तुम्ही त्यांचे कोण ते."

"तेच लिहिलंय," ज्योतीराम म्हणाला. "ती मला मालक म्हणायची."

टेम्पोचं फाळकं आपटल्याचा आवाज झाला.  निरंजनने ती ओळ पुन्हा वाचली, खोडायला उचललेलं पेन खाली ठेवलं आणि कागदाच्या कोपऱ्यात जपून शिक्का मारला. मग खुर्चीवरून उठून त्याने स्वतःच्या हाताने स्कूटरवरचा लाल कागदाचा उरलेला कोपरा शोधला, पण तो घासण्यात कधीच गेला होता.

टेम्पो गेला. स्कूटर पुन्हा आपल्या खांबाशेजारी लागली. ज्योतीरामने बटणं, बॉबिन आणि खडू खणात परत ठेवले. कुसुमताई झाडत झाडत तिथवर आली.

"आता शिका की काका चालवायला."

"बघू," तो म्हणाला.

ती पुढे गेली. सुजितच्या कॉलला अजून बराच वेळ होता, आणि आज त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. वर जायला पाय निघेनात. इकडेतिकडे बघून तो स्कूटरवर बसला. पुढे नाही, मागे, जिथे तो इतकी वर्षं बसत आला होता. समोर रिकामी सीट, तिच्यापुढे हँडल आणि आकाशाऐवजी आता नीट मागे बघणारा आरसा. रंग अजून कच्चा होता, कुठे टेकून चालणार नव्हतं. त्याने उजवा हात सवयीने उचलला, आणि तो कुठे ठेवावा ते त्याला समजेना.